शब्द परके, प्रश्न घरचे

परराष्ट्रांच्या बातम्यांचे पान बहुतेक घरांत नुसतेच उलटले जाते. क्रिकेट, सोन्याचा भाव, राशिभविष्य आणि मग पुरवणी, असा वाचनाचा क्रम ठरलेला असतो. 'रॅटिफिकेशन', 'रिझर्व्हेशन', 'प्रोव्हिजनल मेजर्स' असले शब्द कोट-टाय घालून गोल टेबलाभोवती बसणाऱ्यांचे. चार भिंतींतल्या संसाराशी त्यांचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे.

२०१७ च्या मे महिन्यात मात्र यातला एक शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत येऊन बसला. तो म्हणजे 'कॉन्सुलर ॲक्सेस'. माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली होती आणि भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली होती. भारताची बाजू मांडणाऱ्या हरीश साळवे यांनी अवघा एक रुपया मानधन घेतले, ही बातमी सर्वांच्या तोंडी झाली. त्यांनी तिथे नेमका कोणता मुद्दा मांडला, हे मात्र फार थोड्यांनी वाचले.

मुद्दा होता १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमाचा. परदेशात एखाद्याला अटक झाली, तर त्याच्या देशाच्या वकिलातीतील अधिकाऱ्याला त्याला भेटता आले पाहिजे, त्याच्याशी बोलता व पत्रव्यवहार करता आला पाहिजे आणि त्याच्यासाठी वकील देता आला पाहिजे. शिवाय अटक झालेल्याला त्याचा हा हक्क 'विदाउट डिले', म्हणजे विनाविलंब, सांगितला गेला पाहिजे. आपल्याकडे सरकारी कागदावर 'विनाविलंब' असा शिक्का असला की तो कागद किती दिवस टेबलावर पडून राहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. हेगमध्ये या शब्दाचा अर्थ इतका सैल नाही. जाधव यांच्या अटकेची माहिती पाकिस्तानने भारताला सुमारे तीन आठवड्यांनी दिली होती. तीन आठवडे म्हणजे विनाविलंब नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

पाकिस्तानचे म्हणणे होते की, हेराला हा हक्क लागूच होत नाही. न्यायाधीशांनी कलम पुन्हा तपासले. त्यात हेरांना वगळणारा शब्द नव्हता, आणि जे लिहिलेले नाही ते नंतर घुसडता येत नाही. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ अशा मतांनी निकाल लागला. पाकिस्तानने कराराचा भंग केला होता.

त्या संध्याकाळी अनेक ठिकाणी पेढे वाटले गेले. पण निकालातले शब्द होते 'इफेक्टिव्ह रिव्ह्यू अँड रिकन्सिडरेशन'. म्हणजे शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा. शिक्षा रद्द करून जाधव यांना सोडून द्यावे, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केलेली नव्हती. 'फेरविचार' आणि 'सुटका' या दोन शब्दांत किती अंतर आहे, ते ज्या घरातला माणूस तुरुंगात असतो त्या घरालाच कळते.

याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी जाधव यांच्या आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटायला गेल्या. मध्ये काचेची भिंत होती. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितले की, सुरक्षेच्या नावाखाली दोघींना मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकलीसुद्धा काढायला लावली आणि आईला मुलाशी मातृभाषेत बोलू दिले नाही, ती मराठीत बोलू लागली की तिला अडवले जात होते. दीड-पावणेदोन वर्षांनी भेटलेल्या मुलाला 'जेवतोस ना नीट' एवढे विचारायलासुद्धा परक्या भाषेचा आधार घ्यायचा! त्या मुलाचा जीव ज्या कागदावर टांगलेला होता, तोही परक्याच भाषेत लिहिलेला होता.

वकील, तह आणि तैनाती फौज

या विषयाचे शब्द मराठीला अगदीच नवे आहेत, असे नाही. परदेशातल्या कचेरीला आपण 'वकिलात' म्हणतो, कारण पेशवाईत दुसऱ्या दरबारी आपल्या राज्याची बाजू मांडणाऱ्याला 'वकील' म्हणत. कोर्टातला काळा कोट त्या शब्दाच्या अंगावर नंतर चढला. 'तह', 'खलिता', 'कलम' हे शब्दही तेव्हापासूनचे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील परराष्ट्र व्यवहार पाहणारा प्रधान आधी 'डबीर' होता, त्याचा 'सुमंत' झाला. राज्यकारभाराचे शब्द आपल्या भाषेत असावेत म्हणून महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, यावरून शब्दांचे मोल त्यांना किती कळत होते ते दिसते.

पुढे हे मोल आपण महागात शिकलो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. इंग्रजी मसुद्यात त्याला कायमच्या संरक्षणाचा दोस्तीचा करार म्हटले आहे. वाचणाऱ्याला वाटावे, दोन शेजारी एकमेकांच्या अडीनडीला धावून जाणार आहेत. प्रत्यक्षात कंपनीची फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची राहणार होती, तिच्या खर्चासाठी पेशव्यांचा मुलूख जाणार होता आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर राज्यांशी व्यवहार करण्याची पेशव्यांना मुभा उरली नव्हती. मराठीत मात्र त्या फौजेला सरळ 'तैनाती फौज' असे नाव पडले. शाळेतल्या मुलालाही त्यातून कळते की कोण कोणाच्या दारात उभे होते. इंग्रजीतल्या 'अलायन्स' या गोड शब्दापेक्षा मराठी शब्द जास्त प्रामाणिक ठरला.

राजनैतिक इंग्रजीचे हे वळण अजून मोडलेले नाही. 'फ्रँक डिस्कशन' झाले, मोकळेपणाने चर्चा झाली, असे निवेदनात छापून आले की जाणकार समजतात, बैठकीत भांडण झाले. एखाद्या राजदूताला 'पर्सोना नॉन ग्राटा' ठरवले, म्हणजे त्याला चालते व्हायला सांगितले. अर्थात हे शब्द खोटे असतातच असे नाही. दार आपटून बंद करण्याऐवजी हळूच लोटून घेतले तर पुन्हा उघडायला सोपे जाते, आणि दोन देशांना केव्हा ना केव्हा ते दार उघडावेच लागते. सासर-माहेरच्या तंट्यात चार शब्द जपून बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

साखरपुडा झाला, लग्नाचे काय?

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो 'सही' आणि 'रॅटिफिकेशन' यांत. एखाद्या देशाने आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, की आपल्याला वाटते काम झाले. ते तसे नाही. सही म्हणजे साखरपुडा. रॅटिफिकेशन म्हणजे लग्न, आणि जबाबदारी सुरू होते ती लग्नापासून. काही साखरपुडे मात्र फार लांबतात. पोलिस कोठडीतील छळासारख्या अत्याचारांविरुद्धच्या युनोच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. लग्न अजून लागलेले नाही.

दुसरा फसवा शब्द म्हणजे 'रिझर्व्हेशन'. आपल्याकडे हा शब्द ऐकला की रेल्वेची खिडकी आठवते, नाही तर नोकरीतल्या राखीव जागा. करारांच्या भाषेत त्याचा अर्थ निराळाच आहे. 'तुमचा करार मान्य, पण हे एक कलम सोडून', असे सांगून घेतलेली सवलत म्हणजे रिझर्व्हेशन. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे 'डिक्लरेशन', आपण कलमाचा अर्थ कसा लावतो ते सांगणारे निवेदन. स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा करार, ज्याला 'सीडॉ' म्हणतात, तो भारताने ९ जुलै १९९३ रोजी रॅटिफाय केला, पण अशी पुस्ती जोडूनच. विवाह आणि कुटुंबातील समानतेच्या कलमाबाबत सरकारने सांगितले की, कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय ढवळाढवळ न करण्याच्या धोरणानुसारच ते पाळले जाईल. विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे तत्त्व मान्य, पण एवढ्या मोठ्या देशात ते व्यवहार्य नाही, असेही कळवले. म्हणजे बाईचे सर्वांत जास्त आयुष्य जिथे जाते, नेमके त्या घराच्या उंबरठ्यावर करार थांबला. समाजाची संमती घ्यायची म्हणजे त्या समाजातल्या कोणाची, पंचांची की सुनांची, हे त्या निवेदनात कुठे लिहिलेले नाही.

तरीही तो करार रॅटिफाय झाला म्हणून काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत. १९९२ मध्ये एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तक्रार त्यांनी नोंदवली. खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. या प्रकरणावरून काही महिला संघटना 'विशाखा' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशात स्वतंत्र कायदाच नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या पीठाने निर्णय देताना याच सीडॉचा आधार घेतला. भारताने हा करार रॅटिफाय केला आहे, तो आपल्या मूलभूत हक्कांशी विसंगत नाही, मग कायदा होईपर्यंत त्याच्या प्रकाशात नियम घालून देता येतात, असे न्यायालयाने म्हटले. बँकेत, शाळेत, कारखान्यात आज तक्रार समिती दिसते तिचे मूळ या निकालात आहे. संसदेचा कायदा व्हायला पुढे २०१३ साल उजाडले. परदेशातल्या सभागृहात ठरलेला इंग्रजी मजकूर भटेरीच्या रस्त्याने फिरून पुण्या-नाशिकच्या कचेरीत पोहोचला. एवढे होऊनही भंवरीदेवींच्या स्वतःच्या तक्रारीचे अपील वर्षानुवर्षे रखडले, हेही सांगायला हवे.

गुन्ह्याला नाव देणारा माणूस

कधी कधी तर कायद्याजवळ शब्दच नसतो. राफाएल लेमकिन हा पोलंडमधला ज्यू वकील. हिटलरच्या फौजा आल्यावर तो निसटला, पण त्याच्या कुटुंबातली ४९ माणसे गेली. एका माणसाला मारले तर खून म्हणतात, पण अख्खा समाज पुसून टाकायचा ठरवून केलेल्या हत्येला नाव नाही, याने तो अस्वस्थ होता. १९४४ मध्ये त्याने 'वंश' या अर्थाचा ग्रीक शब्द आणि 'मारणे' या अर्थाचा लॅटिन शब्द जोडून 'जेनोसाइड' हा शब्द घडवला. मराठीत आपण त्याला वंशसंहार म्हणतो. मग हा माणूस युनोच्या दालनांतून प्रतिनिधींच्या मागे लागून फिरत राहिला. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार संमत झाला. लेमकिन १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला तेव्हा जवळपास कफल्लक होता.

शब्द झाला, करार झाला. आता सरकारे त्या शब्दाला घाबरू लागली. कारण करारात म्हटले आहे की, वंशसंहार रोखण्याची जबाबदारी सह्या करणाऱ्यांवर आहे. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्या दिवसांत अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या पत्रकारांसमोर शब्दांची कसरत करत होत्या. 'वंशसंहाराची कृत्ये' घडली आहेत, एवढे त्या कबूल करत, 'वंशसंहार' होतो आहे असे म्हणायचे टाळत. अशी किती कृत्ये मिळून एक वंशसंहार होतो, असे एका पत्रकाराने विचारलेच. तिकडे नद्यांतून प्रेते वाहत होती.

चार वर्षांनी, २ सप्टेंबर १९९८ रोजी, रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ताबा गावच्या माजी महापौराला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. या करारानुसार एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला तो पहिला निकाल. समाज नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हाही वंशसंहाराचाच भाग ठरू शकतो, असे त्यात प्रथमच म्हटले गेले. पीठावरच्या तीन न्यायाधीशांत एकच स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षी देणाऱ्या बायका बोलू लागल्या आणि ऐकणारे कोणी होते, म्हणून तो आला.

'ऑल मेन' म्हणजे कोण?

वंशसंहाराचा करार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४८ रोजी, मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. ४८ देश बाजूने, विरोधात कोणी नाही, आठ तटस्थ. त्याच्या पहिल्या कलमात म्हटले आहे की, सर्व 'ह्यूमन बीइंग्ज' जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. आधीच्या मसुद्यात तिथे 'ऑल मेन' असे शब्द होते. ते बदलण्याचे मोठे श्रेय एका भारतीय बाईला दिले जाते.

त्यांचे नाव हंसा मेहता. सुरतेचा जन्म, वडील बडोद्याचे दिवाण. नागर ब्राह्मण घरातल्या या मुलीने वैश्य समाजातल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केले तेव्हा जातीत गदारोळ उठला होता. म्हणजे समानता हा शब्द त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी घरात पारखला होता. मुंबईच्या कायदेमंडळात त्या होत्या, घटना समितीत होत्या आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातील स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सुपूर्द करण्याचा मान त्यांना मिळाला होता. युनोच्या मानवी हक्क आयोगात १८ सभासद होते. अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांच्याखेरीज तिथे हंसाबेन ही एकच स्त्री.

'ऑल मेन' या शब्दांचा अर्थ काही देश फक्त पुरुष असा लावतील, असा आक्षेप त्यांनी घेतला. रूझवेल्टबाईंना तो आधी पटला नाही. इंग्रजीत 'मेन' म्हटले की त्यात बायका आल्याच, अमेरिकेत कोणाला वगळल्यासारखे वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रूझवेल्टबाई स्त्रियांच्या विरोधी मुळीच नव्हत्या. पण ज्या घरात प्रश्न कधी अडला नाही, तिथे तो दिसत नाही.

हंसाबेनची भीती उगीच नव्हती. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने ठरवले होते की, कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात. १८६७ च्या मताधिकार कायद्यात 'मॅन' हा शब्द आला तेव्हा मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक बायकांनी मतदार यादीत नाव घालण्याची मागणी केली. १८६८ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कर भरायच्या वेळी 'मॅन' मध्ये बाई मोजली जाई, मत द्यायच्या वेळी ती त्यातून गळे. कॅनडात तर 'पर्सन' या शब्दात बाई येते की नाही, यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत खटला गेला. येते, असे उत्तर मिळाले ते १९२९ मध्ये.

आपल्याकडेही हेच. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण वकिलीचा अधिकार मिळायला त्यांना जवळजवळ तीस वर्षे थांबावे लागले. १९१६ मध्ये कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा कायद्यातल्या 'पर्सन' शब्दात बायका बसत नाहीत, असे तिथल्या उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ठरवले. हा अडसर निघाला १९२३ च्या कायद्याने. हंसाबेन तेव्हा पंचविशीच्या होत्या. त्यांच्या पिढीने हे वाचलेले नव्हते, पाहिलेले होते.

मराठी या बाबतीत जरा उदार आहे. आपल्याकडे 'बाईमाणूस' आहे आणि 'गडीमाणूस'ही आहे, म्हणजे माणूस या शब्दात दोघांना जागा आहे. पण लग्नाची बोलणी करायला 'चार माणसे' बसली, असे म्हटले की त्यात बाई नसते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 'पोर एकटीच आहे, घरात कोणी माणूस नाही' हे वाक्यही अजून कानावर येते, आणि ते बोलणारी बहुधा बाईच असते.

आयोगात शब्दांवर बराच खल झाला. पर्यायी शब्द सुचवले गेले, काही मोडले, आणि शेवटी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' हे शब्द कायम झाले. हंसाबेन एकट्याच नव्हत्या. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्व्हा बर्नार्डिनो यांनी प्रस्तावनेत स्त्री-पुरुषांचे समान हक्क हे शब्द यावेत म्हणून जोर लावला. भारताच्या लक्ष्मी मेनन यांनीही तीच बाजू धरली. पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इक्रामुल्ला लग्नातील समान हक्कांच्या कलमासाठी बोलल्या. बालविवाह आणि जबरीचे विवाह त्याने थांबतील, असे त्यांचे म्हणणे होते. नुकतीच फाळणी झालेल्या दोन देशांच्या बायका एका मसुद्यावर एकाच बाजूला उभ्या होत्या.

सगळे मात्र बदलले नाही. घाईत राहिले की कोणाच्या लक्षात आले नाही, पण जाहीरनाम्याच्या २५ व्या कलमात पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा मिळण्याचा हक्क सांगितला आहे तो 'हिमसेल्फ अँड हिज फॅमिली' या शब्दांत, म्हणजे त्याला स्वतःला आणि त्याच्या कुटुंबाला. आणि ज्या पहिल्या कलमासाठी एवढी झुंज दिली, त्याचाच शेवटचा शब्द आहे 'ब्रदरहुड', बंधुभाव. तो तिथे अजून तसाच आहे.